श्रावणात दिसणारा भुंगेरा चैत्रातच घरात आलेला असतो

खानदेशात वर्षभराचे धान्य भरण्याचे काम बहुधा आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे उरकते. तूर त्याआधीच आलेली असते, गहू, हरभरा आणि दादर (रब्बी ज्वारी) फाल्गुन-चैत्रात खळ्यावरून किंवा बाजारातून घरी येतात, आणि वैशाखाच्या उन्हात सारे वाळवून कोठ्यांची झाकणे लावली की वर्षाची काळजी मिटली असे वाटते. पुढे श्रावणात कानबाईच्या सणातील नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडायला घ्यावा, तर सुपात बारीक काळे-तांबडे ठिपके चालू लागतात आणि सगळा दोष पावसाला दिला जातो. हा दोष अर्धाच खरा आहे. पावसाळी हवा या किड्यांना वाढवते, पण त्यांना घरात आणत नाही. ते बहुतेक वेळा दाण्याच्या पोटात, अंड्याच्या किंवा अळीच्या रूपात, चैत्र-वैशाखातच आलेले असतात. त्यामुळे बंदोबस्ताचे खरे महिने मार्च ते मे हे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये जे करता येते ती केवळ डागडुजी असते.

किडा ओळखल्याशिवाय उपाय नाही

घरोघरी या साऱ्या किड्यांना सरसकट सोंडे, टोके किंवा पोरकिडे म्हटले जाते. बोलण्यापुरते ते ठीक आहे, परंतु प्रत्येकाची रीत वेगळी असल्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

गहू, ज्वारी आणि तांदूळ यांत आढळणारा सोंड्या हा तीन-चार मिलिमीटर लांबीचा, पुढे सोंडेसारखा तोंडाचा भाग असलेला किडा आहे. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडे घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते, त्यामुळे बाहेरून दाणा शाबूत दिसतो. अळी आतला गर खाऊन तेथेच कोषात जाते आणि उबदार, दमट हवेत महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आपल्या काही महिन्यांच्या आयुष्यात तीनशे-चारशे अंडी घालू शकते. सुपात दहा सोंडे दिसले, तर न दिसणारे कितीतरी अधिक दाण्यांत बसलेले आहेत असे समजावे.

कडधान्यातील भुंगेऱ्याची गोष्ट याहून निराळी आहे. त्याची लागण अनेकदा शेतातच, शेंगा पक्व होत असताना सुरू होते. मूग, मठ, चवळी, तूर किंवा हरभरा यांच्या दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर ते या भुंगेऱ्याचे अंडे होय. अंड्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते आणि पंचवीस-तीस दिवसांनी दाण्याला गोल, स्वच्छ भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. तो बाहेर आल्यावर दाणे खात नाही. दहा-बारा दिवसांच्या आयुष्यात जोडी जमवणे आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम असते. एका मादीची ऐंशी अंडी धरली, त्यांतील निम्मीच जगली आणि त्यांत निम्म्या माद्या निघाल्या, तरी एका जोडीपासून पहिल्या पिढीत चाळीस, दुसऱ्या पिढीत आठशे आणि तिसऱ्या पिढीत सोळा हजार भुंगेरे होतात. हा हिशेब कागदावरचा आहे हे मान्य, पण आखाजी ते श्रावण एवढ्या काळात तीन पिढ्या सहज बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे वैशाखात निर्दोष दिसलेल्या मुगाची श्रावणात चाळण कशी होते याचे कोडे उरत नाही.

खापरा भुंगेरा हा तर आपल्या हवामानाचाच किडा म्हणावा लागेल. पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर इतर किडे मंदावतात, याला मात्र ३५ अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता मानवते, आणि मे महिन्यात घरातल्या कोठीत नेमकी तीच मिळते. नुकसान करते ती त्याची केसाळ, तपकिरी अळी. ती दाण्याचा कोंब आधी खाते आणि धान्याच्या वरच्या थरात आपल्या कातींचा भुसा साचवते. अन्न संपले किंवा हवा प्रतिकूल झाली की ही अळी भिंतीच्या भेगेत, बारदानाच्या शिवणीत किंवा कोठीच्या सांध्यात शिरून उपाशीपोटी वर्षानुवर्षे पडून राहू शकते. नवे धान्य आले की ती पुन्हा जागी होते. म्हणून खापऱ्याचा बंदोबस्त धान्यात नव्हे, रिकाम्या भांड्यात आणि रिकाम्या पोत्यात करावा लागतो.

पिठातील तांबडा भुंगेरा अखंड दाणा सहसा फोडू शकत नाही. तो पीठ, रवा, मैदा, फुटका दाणा आणि कोंडा यांवर जगतो. कळण्याच्या पिठात म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेल्या पिठातही त्याची चंगळ असते. तो फार झाला की पिठाला गुलाबट छटा आणि उग्र, औषधासारखा वास येतो. असे पीठ चाळून वापरू नये, टाकूनच द्यावे.

मसाल्याच्या डब्यातही एक बारीक, गोलसर, तांबूस भुंगेरा होतो. तो हळद, धने आणि तंबाखू यांच्याबरोबर सुक्या मिरचीवरही पोसतो. नंदुरबारच्या मिरचीचा ठसका माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो, या भुंगेऱ्याला मात्र तिचे काहीच वाटत नाही. तांदळात चार सुक्या मिरच्या टाकून निश्चिंत होणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

वाळवण: दोन दिवसांचे काम, वर्षाची सोय

सोंड्या आणि त्याचे भाईबंद दाण्यातल्या ओलाव्यावर अवलंबून असतात. गहू-ज्वारीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा आणि कडधान्यात १० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्यांची वाढ मंदावते, आणि दाणा त्याहूनही कोरडा झाला की सोंड्याचे प्रजनन जवळजवळ थांबते. आपल्याकडील एप्रिल-मेची कोरडी हवा हे काम फुकट करून देते. मात्र धान्य हवेशी सतत देवघेव करत असते. मे महिन्यात खडखडीत वाळलेला गहू उघड्या पोत्यात राहिला, तर जुलैच्या दमट हवेतून तो पुन्हा ओलावा ओढून घेतो. म्हणून वाळवणे आणि हवाबंद करणे ही दोन कामे जोडीनेच करावी लागतात, आणि दुसरे काम मृगाच्या आधी झाले पाहिजे.

धान्य प्रथम पाखडून आणि चाळून घ्यावे, कारण फुटके दाणे, माती आणि भुसा हेच किड्यांचे पहिले खाद्य आणि आसरा असतात. नंतर गच्चीवर किंवा मातीच्या धाब्यावर स्वच्छ ताडपत्री अंथरून त्यावर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेला थर द्यावा आणि दोन ते तीन दिवस, मधूनमधून हात फिरवत, कडक ऊन दाखवावे. सूर्यास्तापूर्वी धान्य गोळा करून झाकून ठेवणे आवश्यक आहे. कडधान्याचे भुंगेरे आणि सोंडे उडू शकतात, आणि संध्याकाळी उघड्या धान्यावर ते नव्याने येऊन बसतात.

लागण असल्याचा संशय असेल, तर नुसत्या उन्हावर विसंबू नये. ऊन लागले की चालते किडे पळून जातात, दाण्यातील अळी मात्र तेथेच राहते. त्यासाठी काळ्या ताडपत्रीवर धान्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर पसरावा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घालून कडा विटांनी दाबाव्यात आणि सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत तसेच ठेवावे. आतील तापमान ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते आणि त्या उष्णतेत अंडी व अळ्यासुद्धा मरतात. बियाण्यासाठी राखलेल्या धान्याला मात्र ही पद्धत वापरू नये, कारण उगवण बिघडण्याचा धोका असतो.

वाळले की नाही हे दाताखाली दाणा धरून पाहण्याची जुनी रीत चांगलीच आहे. दाणा दबला तर ओला, कट्‌कन फुटला तर कोरडा. अधिक खात्री हवी असल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे बारीक मीठ घालून दोन मिनिटे हलवावे व थोडा वेळ स्थिर ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ खाली सुटे पडले, तरीही दाताची परीक्षा घ्यावी आणि आणखी एक ऊन देणे बरे.

यात एक चूक मी स्वतः केली आहे. दुपारी तीनला उन्हातून उचललेला गहू तसाच गरम कोठीत भरला आणि झाकण घट्ट लावले. रात्री पत्रा गार झाल्यावर आतल्या बाष्पाचे पाणी झाकणाखाली धरले आणि ते वरच्या थरात उतरले. महिन्याभरात तिथे गाठी झाल्या आणि गाठींच्या भोवती सोंडे. तेव्हापासून वाळवलेले धान्य घरात आणून, कापडाखाली झाकून, रात्रभर पूर्ण गार होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरावे, हा नियम मी मोडलेला नाही.

भरणे

कोठी भरण्यापूर्वी तिचे कोपरे, सांधे आणि झाकणाची कड ब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण दिवस उन्हात उलटी ठेवावी. जुनी बारदाने उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत आणि शक्य असल्यास ती धान्यासाठी वापरूच नयेत. बांबूची कणगी असेल तर शेणमातीचा लेप ताजा करावा आणि भेगा बुजवाव्यात. कोठ्या व पोती फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवली म्हणजे ओलही चढत नाही आणि मागे झाडूही फिरतो.

हवाबंद साठवणीचे तत्त्व साधे आहे. आत चुकून राहिलेले किडे आणि अळ्या श्वासावाटे प्राणवायू संपवतात आणि नवा न मिळाल्याने त्यांचे खाणे व वाढ थांबते. त्यासाठी भांडे काठोकाठ भरलेले आणि झाकण खरोखरच घट्ट असले पाहिजे. कोठीचे झाकण सैल असेल, तर आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचे तोंड पिळून, दुमडून, दोरीने आवळावे. अनेक पदरांच्या हवाबंद पिशव्याही आता मिळतात. मात्र दर चार दिवसांनी झाकण उघडले तर या साऱ्याचा उपयोग शून्य होतो. म्हणून महिन्याभराचे धान्य वेगळ्या डब्यात काढावे आणि मोठी कोठी महिन्यातून एकदाच, कोरड्या दिवशी, दुपारी उघडावी. माझ्या मते सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे.

कडधान्यांसाठी तेलाचा हात लावण्याची पद्धत उत्तम काम करते. किलोला ५ ते १० मिलिलिटर एरंडेल किंवा कोणतेही खाद्यतेल दाण्यांना सर्व बाजूंनी चोळावे. तेलाच्या थरामुळे अंड्यांचा श्वास कोंडतो आणि मादीला अंडी चिकटवणेही जड जाते. मूग-मठ यांसारख्या कडधान्यांत लाकडाची चाळलेली, पूर्ण गार राख भरपूर मिसळण्याची रीतही तितकीच सार्थ आहे. राख दाण्यांमधील मोकळी जागा भरून टाकते आणि किड्याच्या अंगावरील मेणाचा थर खरवडून त्याला सुकवते. मूठभर राख वरून भुरभुरून हा परिणाम मिळत नाही. तुरीची मात्र शक्य तितक्या लवकर डाळ करून घ्यावी. या भुंगेऱ्याला अंड्यासाठी गुळगुळीत, गोल, सालीसकट दाणा लागतो, आणि डाळीच्या दलावर त्याचे फारसे जमत नाही. जळगावच्या डाळमिलची डाळ घ्या की जात्यावर भरडलेली, हा फायदा दोन्हीत सारखाच.

कडुनिंबाच्या पाल्याविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल. सावलीत कुरकुरीत वाळवलेला पाला किड्यांना काहीसा परतवतो, म्हणून तो कोठीच्या तळाशी आणि वर पसरण्यास हरकत नाही. पण झाडावरून तोडलेला हिरवा पाला तसाच गव्हात घालणे म्हणजे आपल्या हाताने ओलावा भरणे होय. लवंग आणि तमालपत्र यांचाही उपयोग लहान डब्यापुरताच समजावा.

विषारी गोळ्यांबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सोडतात. सर्वसामान्य ग्राहकासाठी त्या नाहीतच, आणि माणसे झोपतात त्या घरात त्या ठेवल्यामुळे जीव गेले आहेत. कोणी ओळखीने दिल्या तरी घेऊ नयेत. पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टिकड्या खाण्याच्या धान्यात ठेवू नयेत. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची प्रथाही, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, सोडून द्यावी.

पावसाळ्यातील देखरेख

पावसाळा सुरू झाला की दर पंधरा दिवसांनी महिन्याच्या डब्यातील मूठभर धान्य पांढऱ्या कागदावर पसरून पाहावे. भोके, पांढरे ठिपके, पिठासारखी भुकटी किंवा उबट वास यांपैकी काहीही आढळले, तर तो डबा लगेच वेगळा काढावा. ज्यांच्याकडे पोत्यांनी साठा आहे त्यांना कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तयार केलेला नळीसारखा सापळा उपयोगी पडेल. बारीक भोकांची ही नळी धान्यात खुपसून ठेवली की इकडेतिकडे फिरणारे किडे भोकांतून आत पडतात आणि बाहेर येऊ शकत नाहीत, त्यामुळे लागण डोळ्यांना दिसण्याआधीच कळते.

दळण पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांपुरतेच आणावे. गिरणीच्या जात्यात आणि तोंडाशी साचलेल्या जुन्या पिठातून तांबडा भुंगेरा घरी येतो. घरघंटी असेल तर दर दळणानंतर तिची पिठाची वाट ब्रशने साफ करावी. जुन्या पिठावर नवे पीठ कधीही ओतू नये. रवा, मैदा आणि बेसन यांची लहान पाकिटे आणल्या आणल्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवली, तर आतील अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा त्यावर दव धरते.

लागण झालीच, तर घाबरून सारे फेकू नये आणि लोभाने सारे ठेवूही नये. थोडे सोंडे असलेला गहू पावसाच्या उघडिपीत घरापासून दूर अंगणात पसरावा, चाळावा आणि चाळणाखालचा कचरा कोंबड्यांना घालावा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवावा. घराच्या ओट्यावर पसरलेल्या धान्यातले किडे सरळ घरात परततात. दाण्यात राहिलेल्या अळ्या पुढे बाहेर येणारच, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी हीच क्रिया पुन्हा करावी. कडधान्य पाण्यात टाकल्यावर पोखरलेले दाणे तरंगतात, ते काढून उरलेले त्याच दिवशी शिजवावे. बुरशीचा वास असलेले धान्य जनावरांनाही घालू नये.

दिव्याभोवती येणारे भुंगेरे

वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तपकिरी, जाडसर भुंगेरे दिव्यावर आदळू लागतात. हे बहुतांशी हुमणीचे भुंगेरे असतात. जमिनीतून निघून ते कडुनिंब आणि बाभळीच्या पाल्यावर जमतात. शेताला त्यांच्या अळीचा मोठा उपद्रव आहे, घरातील धान्याला किंवा लाकडाला मात्र त्यांच्यापासून काहीच भय नाही. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात फवारणी करणे व्यर्थ होय. दारातील पांढरा दिवा बदलून पिवळा लावला आणि खिडक्यांना जाळी बसवली की पुरे.

यांच्यातच एका किड्यापासून मात्र सांभाळून राहावे. सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान, मुंगीसारखा सडपातळ, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा असा हा भुंगेरा ‘ॲसिड फ्लाय’ या नावाने ओळखला जातो, जरी तो माशी नाही. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातील द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. आग लगेच होत नाही, दुसऱ्या दिवशी लाल, लांबट चट्टा आणि फोड दिसतात. भातशेतीच्या आणि ओलाव्याच्या भागात, जसे नवापूरकडे, पावसाळ्यात विशेष जपावे. अंगावर बसला तर फुंकर घालून किंवा कागदावर घेऊन दूर करावा, जागा साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्याला लागल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

लाकूड आणि लोकर

खाटेखाली मैद्यासारखी बारीक भुकटी आणि लाकडावर टाचणीएवढी भोके दिसली, तर ती वाळवी नसून लाकूड पोखरणारा भुंगेरा असतो. सातपुड्यातील सागाच्या गाभ्याला तो शिवत नाही, पण त्याच सागाच्या बाहेरील पांढऱ्या लाकडात आणि बांबूत स्टार्च असल्याने तो जोमाने वाढतो. अंडी उघड्या छिद्रांत घातली जात असल्यामुळे सर्व बाजूंनी, खालच्या आणि मागच्या बाजूनेही, पॉलिश किंवा रंग दिलेले फर्निचर सुरक्षित राहते. कणगीसाठी आणलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, तर त्यातील स्टार्च निघून जातो.

घोंगडी आणि लोकरीच्या कपड्यांना केसाळ अळीची कसर लागते. ते धुऊन, ऊन देऊन, बंद पिशवीत ठेवावेत आणि खिडकीवरील पारव्यांची जुनी घरटी काढून टाकावीत, कारण हे किडे अनेकदा तेथूनच येतात. सुती गोधडीला त्यांचा उपद्रव सहसा होत नाही.

माघ-फाल्गुनात कोठी रिकामी होते तेव्हा एक अडचण येते. कोठी पूर्ण मोकळी ठेवू नये, तळाशी धान्य असावे, अशी श्रद्धा अनेक घरांत आहे, आणि त्या तळाच्या दोन शेर जुन्या गव्हातच गेल्या वर्षीचे सोंडे आणि खापऱ्याच्या अळ्या नव्या धान्याची वाट पाहत असतात. श्रद्धा मोडण्याचे कारण नाही. ते धान्य काढून दळून संपवावे, कोठी धुऊन वाळवावी आणि त्या वर्षीच्या नव्या, चांगल्या वाळलेल्या धान्यातले मूठभर दाणे झाकणाच्या छोट्या डबीत घालून ती डबी कोठीत ठेवावी.